मेन पॅराशूटचं पॅकिंग: चूक कुठे होते आणि कोणत्या क्रमाने केलं की टळते

स्कायडायव्हिंगमध्ये नवीन लोकांचं पॅकिंग चुकतं तेव्हा दहातल्या नऊ वेळा कापडाच्या घडीत काही बिघडलेलं नसतं. बिघडलेलं असतं लाइनीत (दोऱ्यांत), स्लायडरमध्ये (लाइनींवरून सरकत पॅराशूटला सावकाश उघडू देणारं चौकोनी कापड), ब्रेकमध्ये नाहीतर पायलट शूटमध्ये (मेनला बाहेर ओढणारं छोटं पॅराशूट). आणि तरी पॅकिंगच्या मॅटवर बघा, सगळे घाम गाळत असतात ते घडी सुबक दिसावी म्हणून. कापड थोडं चुरगळलेलं असेल तरी कॅनोपी, म्हणजे पॅराशूटचं कापडी छत, उघडते हो, पण एखादी लाइन चुकून पलीकडे गेली असेल तर घडी कितीही देखणी असली तरी तिचा काडीचा उपयोग नाही. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय, आणि जिथे लोक हमखास चुकतात तिथे जास्त थांबणार आहे.

आधी दोन गोष्टी स्पष्ट. हे फक्त मेनचं आहे, चौकोनी रॅम-एअर कॅनोपी (पुढच्या तोंडांतून हवा भरून फुगणारी), डी-बॅग (घडी केलेली कॅनोपी ठेवायची पिशवी), आणि कंटेनरच्या (पाठीवर बांधायच्या पॅकच्या) तळाच्या खिशात बसणारं हाताने फेकायचं पायलट शूट, प्रो पॅक पद्धतीने (लाइनी खांद्यावर घेऊन घडी घालायची). रिझर्व्हला (दुसऱ्या, आणीबाणीच्या पॅराशूटला) हात लावायचा नाही, ते सर्टिफाइड रिगरचं (पॅराशूट पॅक आणि दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचं) काम. दुसरं, हे वाचून एकट्याने पॅक करून सरळ उडी मारायची नाही, पहिले काही पॅक रिगर किंवा इन्स्ट्रक्टर शेजारी उभा असतानाच करायचे. आणि तुमच्या कॅनोपीचं किंवा कंटेनरचं मॅन्युअल यापेक्षा वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचंच ऐका.

## टप्पा १: जागा आणि पाहणी

सावलीतली, कोरडी, खडे-वाळू नसलेली जागा घ्या. ऊन नायलॉन कुजवतं, एका दिवसात दिसत नाही पण दरवेळी उन्हात पसरून ठेवलं की कापडाचं आयुष्य कमी होतंच. वाळूचे कण लाइनींच्या विणीत शिरून आतून घासत राहतात. कॅनोपी ओली असेल तर आधी सावलीत वाळवा.

लँड झाल्यावर कॅनोपी कशीतरी गोळा करून आणली असेल तर आता कंटेनर जमिनीवर ठेवा आणि रायझरपासून (लाइनींना हार्नेसशी जोडणाऱ्या पट्ट्यांपासून) लाइनी सरळ ताणून घ्या. गुंडाळण्याआधी या पाच ठिकाणी नजर टाकायची:

- ब्रेक लाइनचा खालचा भाग, जिथे ती रायझरच्या रिंगमधून जाते. सगळ्यात आधी झिजते ती इथेच.
- स्लायडरची चारही ग्रोमेट्स (धातूच्या कड्या). कडेला बोट फिरवा, धार किंवा खरवड लागली तर ती लाइनी कापत राहणार.
- क्लोजिंग लूप, म्हणजे कंटेनर बंद ठेवणारा दोरीचा फासा. धागे सुटलेले, फुललेले दिसले तर आजच बदला, पुढच्या वीकेंडला नाही.
- पायलट शूटची जाळी आणि शिवण.
- डी-बॅगचे रबर बँड. तडा गेलेला एक जरी दिसला तरी बदला.

स्लायडर कोलॅप्स केला (दोऱ्या ओढून मिटवला) असेल तर त्याच्या दोऱ्या इथेच मोकळ्या करा. कोलॅप्स केलेलाच स्लायडर पॅक झाला तर उघडताना त्याला हवा धरायला कापडच उरत नाही, आणि कॅनोपी तुम्हाला जोरात फटका देते.

## टप्पा २: ब्रेक सेट करणं

ब्रेक लाइन खाली ओढा, तिच्यातला डोळा (लूप) रायझरवरच्या रिंगच्या जरा खाली आला पाहिजे. टॉगलचं (ब्रेकच्या हँडलचं) वरचं टोक त्या डोळ्यातून घाला आणि टॉगल त्याच्या जागेवर नीट बसवा. उरलेली लाइन तिच्यासाठी दिलेल्या खाचेत किंवा बँडमध्ये आवरून ठेवा.

चुका तीन. डोळा रिंगच्या वरच राहिला आणि टॉगल तसंच खुपसलं, किंवा टॉगल अर्धवट बसवलं आणि उघडतानाच ते सुटलं, मग एक ब्रेक मोकळा आणि एक बांधलेला, कॅनोपी गरगर फिरायला लागते. तिसरी चूक उरलेली लाइन मोकळी सोडायची, तिचा फासा टॉगलभोवती पडला की ब्रेक सोडताना गाठ घट्ट बसते.

चेक: डावा आणि उजवा रायझर शेजारी शेजारी धरा. दोन्हीकडे टॉगल, डोळा, उरलेली लाइन अगदी सारखी दिसली पाहिजे. एक बाजू वेगळी दिसते म्हणजे एक बाजू चुकलेली आहे.

## टप्पा ३: पायलट शूट कॉक करणं

कोलॅप्सिबल (आपोआप मिटणाऱ्या) पायलट शूटच्या ब्रायडलमधून (त्याला कॅनोपीशी जोडणाऱ्या पट्टीमधून) किल लाइन ही दोरी जाते. कॅनोपी उघडताना ती पायलट शूटचा मधला भाग खाली ओढून ते मिटवते. पुढच्या उडीसाठी ते पुन्हा मोकळं करायचं, म्हणजे कॉक करायचं. कॅनोपीच्या टोकाशी ब्रायडल धरा, दुसऱ्या हाताने पायलट शूटच्या बुडाशी धरून ओढा, ब्रायडलवरच्या छोट्या खिडकीत किल लाइनचा रंगीत भाग दिसेपर्यंत.

हे विसरलात तर पायलट शूट वाऱ्यात चिंधीसारखं मागे फडफडत राहतं, त्याच्यात कंटेनर बंद ठेवणारी पिन ओढायची ताकदच नसते, किंवा पिन निघाली तरी बॅग उचलली जात नाही. पोटावर पडताना वेग तासाला १९० ते २०० किलोमीटरच्या आसपास असतो, विचार करायला फार वेळ मिळत नाही.

एकदा विमानाकडे जायच्या रांगेत माझ्या पुढच्या मुलीने गिअर चेक मागितला. सगळं बघत ब्रायडलवर आलो, कव्हर उचललं, खिडकीत हिरवा दिसायला हवा होता आणि दिसत होता नुसता पांढरा. तिचं पॅकिंग बाकी सगळं छान होतं, इतकं नेटकं की मला कौतुक वाटलं होतं. कॉक करतानाच कोणीतरी हाक मारली आणि तेवढं एक राहिलं. ती लोड (विमानाची ती फेरी) सोडून परत गेली, उघडून पुन्हा पॅक केलं.

म्हणून हा टप्पा इथे एकदा आणि कंटेनर बंद करायच्या आधी पुन्हा एकदा. आणि फक्त खिडकीवर विश्वास ठेवू नका, किल लाइन वापराने आखडते, खिडकीत रंग दिसतो पण पायलट शूटचा शेंडा अजून आत ओढलेला असतो. पायलट शूट हातात पसरून बघा, मधला भाग पूर्ण वर येतोय ना. येत नसेल तर रिगरला दाखवा.

## टप्पा ४: लाइनी चालत नेणं

सगळ्या पॅकिंगमधला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात घाईत उरकला जाणारा भाग हाच. दोन्ही हातांच्या बोटांमध्ये लाइनींचे गट वेगळे धरायचे, पुढच्या रायझरच्या, मागच्या रायझरच्या आणि ब्रेक लाइनी, आणि रायझरपासून कॅनोपीकडे चालत जायचं, स्लायडर हातांसोबत वर ढकलत. बोटांमधून लाइन सरकताना अडली, कुठे वळली, दुसऱ्या गटाला ओलांडून गेली तर तिथेच थांबा.

कंटेनर कधी लाइनींच्या मधून पलटून गेलेला असतो, कॅनोपी गोळा करताना किंवा हार्नेस काढताना होतं हे. त्याला स्टेप-थ्रू म्हणतात. लांबून बघितलं तर सगळं ठीक वाटतं, पण रायझरजवळ लाइनींना पीळ असतो आणि पुढची बाजू मागे गेलेली असते.

चेक: स्लायडर आणि रायझर यांच्यामध्ये लाइनी चार स्वच्छ गटात दिसतात का? ब्रेक लाइनी मागच्या बाजूला, कशाहीभोवती न गुंडाळलेल्या आहेत का? इथे शंका आली तर पुढे जाऊ नका. पुढचा एकही टप्पा ही चूक दुरुस्त करत नाही, फक्त झाकून टाकतो.

## टप्पा ५: खांद्यावर घेऊन कापड बाहेर काढणं

लाइनी खांद्यावर, कॅनोपी समोर लटकलेली, नोज (पुढची कड) तुमच्या गुडघ्यांकडे, टेल (मागची कड) पलीकडे. नोजची तोंडं एकेक करून मोजा आणि हातात गोळा करा. मोजायचं कारण, एखादं तोंड शेजारच्या कापडात गुंतलं असेल तर ते इथेच कळतं. मग ती गुडघ्यांमध्ये धरून ठेवा. नोज आत ढकलायची, गुंडाळायची की तशीच सोडायची हे कॅनोपीनुसार बदलतं, मित्राच्या कॅनोपीला जे चाललं ते तुमच्या कॅनोपीला चालेलच असं नाही.

आता लाइनींच्या गटांच्या (पुढून मागे ए, बी, सी, डी) मधलं कापड बाहेर काढायचं. ए आणि बी गटाच्या मधलं, मग बी आणि सीच्या मधलं, मग सी आणि डीच्या मधलं, डावीकडे आणि उजवीकडे, वहीच्या पानांसारखं. त्यानंतर डी आणि ब्रेक लाइनींच्या मधलं.

एकच नियम डोक्यात पक्का ठेवा: लाइनी मध्ये, कापड बाहेर. कुठल्याही क्षणी मधोमध हात घातला की हाताला लाइनींचा जुडगा लागला पाहिजे. एखादी लाइन, विशेषतः ब्रेक लाइन, बाहेरच्या कापडावरून फिरून आली असेल तर उघडताना ती कॅनोपीच्या वरून जाऊ शकते. तिला लाइनओव्हर म्हणतात, आणि बऱ्याचदा त्यावर कटअवे (मेन सोडून देऊन रिझर्व्ह उघडणं) हाच उपाय उरतो.

## टप्पा ६: स्लायडर

उघडताना कॅनोपी एकदम फुगू नये म्हणून स्लायडर असतो, तो वरून खाली सावकाश सरकत येतो. त्यासाठी सुरुवातीला तो अगदी वर, चारही ग्रोमेट्स स्टॉपरला (कॅनोपीच्या खालच्या अडथळ्यांना) टेकलेली असली पाहिजेत. "जवळपास वर" चालत नाही.

चार ग्रोमेट्स एकत्र आणा, स्लायडरचं कापड चार लाइनगटांच्या मधून चारही दिशांना सारखं बाहेर काढा. एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी असेल तर कॅनोपी वाकडी उघडण्याची शक्यता वाढते.

माझ्या आठवणीतला सगळ्यात जोराचा फटका याच टप्प्यातून आला. खांद्यावर असताना स्लायडर बरोबर होता, पण जमिनीवर ठेवताना लाइनींचा ताण सुटला आणि तो चार बोटं खाली घसरला, मी बघितलंच नाही. उघडताना हनुवटी छातीवर आपटली, आठवडाभर मान वळवता येत नव्हती. तेव्हापासून माझा एक हात ग्रोमेट्सवर असतो, बॅगमध्ये जाईपर्यंत.

## टप्पा ७: टेल गुंडाळणं

टेलच्या मधोमध वॉर्निंगचं लेबल असतं, ते शोधा. मधला भाग उचलून ग्रोमेट्सच्या पातळीला धरा, मग टेलच्या दोन्ही कडा बाजूंनी पुढे आणून सगळी कॅनोपी तिच्यात गुंडाळून घ्या. पुढे दोन्ही कडा एकत्र आल्या की चार-पाच वेळा रोल करा.

फक्त टेलचं कापड गुंडाळा. कडा ओढताना नोजचं कापड किंवा ब्रेक लाइनी सोबत बाहेर येतात आणि लोक त्या तशाच रोल करून टाकतात. फार घट्ट रोल करायचीही गरज नाही, हे गुंडाळणं फक्त सगळं एकत्र राहावं यासाठी आहे.

## टप्पा ८: जमिनीवर ठेवणं आणि हवा काढणं

लाइनींचा ताण कायम ठेवत झोका देऊन कॅनोपी जमिनीवर ठेवा, एक हात ग्रोमेट्सवर. ठेवल्याठेवल्या बोटांनी चाचपून बघा, चारही स्टॉपरला टेकलेली आहेत ना.

आता हवा काढायची. गुडघे आणि हातांनी, लाइनींच्या टोकाकडून शेंड्याकडे, हळूहळू. घाई केली की नव्या झेडपी (हवा आरपार न जाऊ देणाऱ्या, गुळगुळीत) कापडाची कॅनोपी साबणासारखी निसटते आणि आतापर्यंत केलेलं सगळं फिस्कटतं. अंगाचं वजन टाका, हातापायांनी मारामारी करू नका. रुंदी बॅगेइतकी झाली की पुरे.

## टप्पा ९: बॅगेत घालणं आणि लाइनी स्टो करणं

इंग्रजी एस अक्षरासारखी घडी घाला आणि बॅग वरून चढवा. नवशिक्यांची इथे फजिती होते, एक कोपरा आत गेला की दुसरा बाहेर येतो. घडीवर गुडघा ठेवून एका वेळी एकच कोपरा भरा. बॅगच्या शेंड्याच्या ग्रोमेटमधून कापड बाहेर डोकावत नाही ना तेही बघा.

मग बॅगचं तोंड बंद करणारे लॉकिंग स्टो (स्टो म्हणजे रबर बँडमध्ये अडकवलेला लाइनींचा फासा). हे दोन्हीकडे सारखे आणि घट्ट पाहिजेत. त्यानंतर उरलेल्या लाइनी दोन्ही बाजूंना आळीपाळीने. प्रत्येक स्टोचा फासा बँडच्या बाहेर साधारण ५ ते ७ सेंटिमीटर.

बँडचा ताण हा समजून घ्यायचा विषय आहे. स्टो ओढून काढायला साधारण ४ ते ५ किलोचा जोर लागला पाहिजे. फार सैल असेल तर लाइनी एकदम सुटतात, त्याला लाइन डंप म्हणतात, आणि बॅग पूर्ण ताणाला यायच्या आतच कॅनोपी बाहेर पडून जोराचा फटका बसू शकतो. फार घट्ट किंवा एखादा फासा दुसऱ्यात अडकला तर बॅग उघडतच नाही, तो बॅग लॉक. बँड सैल वाटला तर दुहेरी गुंडाळा किंवा लहान मापाचा घ्या. बारीक लाइनींना जाड लाइनींचे बँड वापरणं ही नेहमीची चूक.

शेवटी रायझरजवळ ४५ ते ६० सेंटिमीटर लाइन मोकळी ठेवा. हे सोडून शेवटपर्यंत स्टो केलं तर बॅग कंटेनरमधून सुटताना आडवीतिडवी खेचली जाते आणि लाइनींना पीळ पडतात.

चेक: किल लाइनच्या खिडकीत रंग दिसतोय का? आत्ता बघा. बंद केल्यावर उघडायचा कंटाळा येतो.

## टप्पा १०: कंटेनर बंद करणं

रायझर रिझर्व्हच्या दोन्ही बाजूंनी सरळ ठेवा, पीळ नको. मोकळ्या लाइनी तळाशी पसरवा, त्या कुठल्याही फ्लॅपच्या टोकाला किंवा रिझर्व्हच्या कोपऱ्याला अडकता कामा नयेत. बॅग मॅन्युअलमध्ये दिली आहे त्या दिशेने ठेवा.

पुल-अप कॉर्ड (लूप वर ओढायची तात्पुरती दोरी) लूपमधून घाला आणि फ्लॅप तुमच्या कंटेनरच्या क्रमाने बंद करा. पिन घालण्याआधी ब्रायडलचा रस्ता डोळ्यांनी चालून बघा, बॅगपासून पिनपर्यंत आणि पिनपासून खिशापर्यंत. ब्रायडल कुठल्या फ्लॅपखाली चुकीच्या जागी दबली नाही ना, पिनने ब्रायडलचंच कापड टोचलं नाही ना. टोचलेली ब्रायडल पिन ओढू शकत नाही, आणि बाहेरून हे कळतही नाही.

लूपची लांबी: पिन घालायला थोडा जोर लागला पाहिजे. सहज जात असेल तर लूप लांब आहे, आणि दारात उभे असताना किंवा पाठीवर उडताना कंटेनर अचानक उघडू शकतो. विमानाच्या दारातच असं झालं तर कॅनोपी विमानाच्या शेपटीत अडकू शकते, धोका एकट्याचा राहत नाही.

पुल-अप कॉर्ड काढताना पिनच्या खालून, हळू ओढा. झटक्यात ओढली की घर्षणाने लूप भाजतो, दिसत नाही पण कमकुवत होतो. आणि कॉर्ड खरंच काढा, काढून खिशात ठेवा.

## टप्पा ११: पायलट शूट खिशात

पायलट शूट पसरून घडी घाला, ब्रायडलची जास्तीची लांबी आत एस आकारात ठेवा, ती हँडलभोवती किंवा पायलट शूटभोवती गुंडाळू नका, गाठ पडू शकते. खिशात घातल्यावर फक्त हँडल तोंडाशी, बाहेर ब्रायडलचा लोंबता तुकडा नको. हात मागे नेऊन डोळे मिटून हँडल सापडतं का बघा.

## टप्पा १२: घालण्याआधीचा शेवटचा चेक

वरून खाली, नेहमी एकाच क्रमाने, म्हणजे काही सुटत नाही. तीन रिंगा (मेन सोडून द्यायची यंत्रणा) योग्य रचनेत, पांढरा लूप फक्त सगळ्यात छोट्या रिंगमधून, मग ग्रोमेटमधून, आणि त्यातून पिवळी केबल. आरएसएल (मेन सोडताच रिझर्व्ह उघडणारी पट्टी) जोडलेलं. कटअवे आणि रिझर्व्हची हँडल्स जागेवर. एएडी (गरज पडल्यास रिझर्व्ह आपोआप उघडणारं यंत्र) चालू. मग मागे: रिझर्व्ह पिन, मेन पिन, ब्रायडल, किल लाइनचा रंग, पायलट शूट. दुसऱ्याकडूनही बघून घ्या, आपल्या चुकीवरून आपलीच नजर घसरते.

## मध्येच कोणी थांबवलं तर

त्या मुलीचं जे झालं ते याच कारणाने, म्हणून वेगळं लिहितोय. पॅकिंग चालू असताना फोन, गप्पा, कोणाला मदत, काहीही आलं तर हातातला टप्पा पूर्ण करून मगच उठा. ते शक्य नसेल तर परत आल्यावर जिथे सोडलं असं वाटतंय तिथून नाही, त्याच्या आधीच्या चेकपासून सुरू करा. मी उठताना पायलट शूट कंटेनरच्या वर उघडं ठेवून त्यावर हेल्मेट ठेवतो, म्हणजे रिग अर्धवट आहे हे मलाही कळतं आणि चुकून उचलणाऱ्यालाही.

## उडीनंतर

लॉगबुकात एक ओळ लिहा: उघडायला हळू लागलं की जोरात, सरळ उघडली की वळली, लाइनींना पीळ होता का. दोन-तीन उड्या सारखंच काही दिसलं तर एका वेळी एकच गोष्ट बदला, नोज किंवा स्लायडरची मांडणी किंवा बँड. तिन्ही एकदम बदललीत तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. सगळं नीट करूनही कॅनोपी नेहमी एकाच बाजूला वळत असेल तर पॅकिंगशी झगडत बसू नका, लाइनी असमान आखडल्या असतील, रिगरकडून त्या मोजून घ्या.